ड्रॅगनचा कार्पेट एरिया

"मामा, तो डोंगराएवढा होता."

"कुठला डोंगर? मुंब्र्याचा की कळसूबाईचा?"

पहिलं वाक्य माझ्या भाच्याचं, ओजसचं. दुसरं त्याच्या थोरल्या बहिणीचं, मुक्ताचं. रविवारी संध्याकाळी घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोघांची जुंपली होती आणि भज्यांची ताटली घेऊन वर आलेला मी मधे सापडलो. वाद होता ॲन्कॅलगॉन नावाच्या काळ्या ड्रॅगनचा. तो नेमका केवढा, यावर जगभरचे फँटसीवेडे कित्येक वर्षं भांडताहेत. आमच्या घरात हे भांडण दिवाळीच्या सुट्टीपासून चालू आहे.

मी पेशानं एस्टिमेटर. बिल्डरच्या ड्रॉइंगवरून सिमेंट किती लागेल, सळई किती, टाइल किती, ते काढून देतो. ड्रॅगनमधलं मला फार कळत नव्हतं, पण मोजमापावरून होणारी भांडणं चांगली कळतात. निम्मी आयुष्याची मिळकत त्यावरच आहे. पाच मिनिटं ऐकल्यावर लक्षात आलं की दोघं एकाच जनावराबद्दल बोलत असली तरी मोजत वेगवेगळ्या गोष्टी होती.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत फ्लॅट घेतलेल्या माणसाला हा प्रकार वेगळा समजवावा लागत नाही. घर एकच. कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) सहाशे चौरस फूट, बिल्ट-अप (भिंती धरून) सव्वासातशे, सुपर बिल्ट-अप (जिना, लॉबी धरून) नऊशे. जाहिरात नऊशेची, आत गेल्यावर सोफा मावत नाही. यातला एकही आकडा खोटा नसतो, फक्त कशात काय धरलंय ते वेगळं. २०१७ मध्ये महारेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं प्राधिकरण, आल्यापासून कार्पेट सांगावंच लागतं. ड्रॅगनांना अजून रेरा लागू झालेला नाही, त्यामुळे तिथे सगळा कारभार सुपर बिल्ट-अपवर चालतो.

म्हणजे कसं? नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी हा झाला सुपर बिल्ट-अप. पंखांचा पसारा म्हणजे टेरेस आणि पार्किंग धरून सांगितलेला आकडा. धड, जिथे पोट, फुप्फुसं आणि आग साठवायची काय जी टाकी असेल ती मावते, ते कार्पेट. ओजस पंख मोजतो, मुक्ता धड मोजते. वजनाचं नाव कुणी काढत नाही, आणि खरी गंमत तिथे आहे; तिकडे नंतर येतो.

शेपटीचा हिशेब आधी. आपल्याकडची घोरपड मोठ्यात मोठी पावणेदोन मीटरची होते. त्यात डोकं आणि धड मिळून पाऊण मीटर, उरलेला एक मीटर नुसती शेपूट. हेच प्रमाण ड्रॅगनला लावा. साठ मीटरचा ड्रॅगन म्हणजे लोकलचे तीन डबे, कारण एक डबा साधारण वीस मीटरचा. ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर त्याला आडवा घातला तर पावणेदोन डबे शेपटीचे जातील आणि सव्वा डब्यात बाकीचा ड्रॅगन. मान सापासारखी लांब असेल तर धड आणखी आखूड. (तानाजीच्या गोष्टीतली यशवंती कडा चढताना एका माणसाचा भार पेलायची ती याच घोरपडीच्या जातीची. लहानपणी मी तिच्या आकाराबद्दल प्रश्न विचारला होता आणि आजीनं "गोष्ट ऐकायचीय की झोपायचंय?" असं विचारून विषय संपवला होता.)

काय मोजायचं ते ठरलं तरी भांडण मिटत नाही, कारण पुरावा कुठून आणायचा हा पुढचा प्रश्न. ड्रॅगन समोर नाही. आहेत ती लेखकाची वाक्यं, काही चित्रं, आणि अलीकडे पडद्यावरची दृश्यं. हे तिन्ही साक्षीदार एकमेकांशी जुळत नाहीत.

वाक्यांपासून सुरू करू. ॲन्कॅलगॉन हा जे. आर. आर. टोलकीन यांच्या प्राचीन युगांच्या कथांमधला. ती पुराणकथा त्यांच्या निधनानंतर, १९७७ मध्ये पुस्तकरूपानं आली. शेवटच्या महायुद्धात हा ड्रॅगन आकाशातून कोसळतो आणि थॅन्गोरोड्रिम नावाच्या पर्वताचे सुळके त्याच्या पडण्यानं मोडतात. ड्रॅगनच्या आकाराबद्दल सगळी मदार एवढ्यावरच. लांबी नाही, रुंदी नाही, वजन नाही.

आता पर्वत केवढा ते कळलं तर ड्रॅगन काढता येईल, असं लोकांना वाटलं. कॅरन विन फॉन्स्टॅड या नकाशाकार बाईंनी १९८१ मध्ये टोलकीनच्या जगाचा ॲटलास काढला. टोलकीननं स्वतः काढलेल्या एका चित्रात हा पर्वत लांबवर दिसतो, त्यावरून बाईंनी गणित मांडलं आणि उंची आली पस्तीस हजार फूट. म्हणजे जवळपास पावणेअकरा किलोमीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, एव्हरेस्ट ८,८४९. ओजसचा डोंगर इथून आला. पर्वत पावणेअकरा किलोमीटर, तो मोडला, म्हणजे ड्रॅगन किलोमीटरांत मोजावा लागणार!

मुक्ताचं म्हणणं असं की मोडण्यासाठी मोडणाऱ्यानं तेवढंच मोठं असावं लागत नाही. तिनं लोणारचं उदाहरण दिलं आणि मी मनात टाळी वाजवली. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे, आणि ते पाडणारी उल्का त्याच्या मानानं अगदीच लहान होती. नुकसानीचं माप म्हणजे वस्तूचं माप नव्हे. ओजस गप्प बसेल असं वाटलं होतं, पण पोरगं तयारीचं निघालं. "उल्का सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं येते ताई. ड्रॅगन पडणार तो हवेतून, दगडासारखा. एवढा जोर कुठून आणणार?" बरोबर आहे. वेग कमी पडला की वजन वाढवावं लागतं. लोणारचा दाखला अर्धाच लागू पडतो, आणि हे त्या दोघांतल्या लहानानं दाखवून दिलं.

मग मुक्तानं त्याच कथांमधले दुसरे साक्षीदार काढले, आणि एस्टिमेटर म्हणून मला हे जास्त पटलं. एखाद्या खोलीचं माप संशयास्पद वाटलं की आम्ही शेजारच्या खोलीचं घेतो. ॲन्कॅलगॉनच्या शेजारी कोण? त्याच कथांमध्ये गरुडांचा राजा आहे, थोरोंडोर. त्याच्या पंखांचा पसारा टोलकीननं चक्क आकड्यात दिलाय: तीस वाव. वाव म्हणजे दोन्ही हात फैलावल्यावर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचं अंतर, सहा फूट. विहिरीचं पाणी आणि होडीखालची खोली आपल्याकडे याच मापानं सांगत. तीस वाव म्हणजे एकशे ऐंशी फूट, पंचावन्न मीटर. याच गरुडांनी पंख असलेल्या ड्रॅगनांशी झुंज दिली असं कथा सांगते. पंचावन्न मीटरच्या पक्ष्यानं कित्येक किलोमीटरच्या प्राण्याशी झुंजावं म्हणजे डासानं म्हशीशी कुस्ती खेळण्यासारखं. डास म्हशीला पिडू शकतो, पण त्याला कुणी लढाई म्हणत नाही.

दुसरा शेजारी ग्लाउरुंग, सगळ्या ड्रॅगनांचा आद्य बाप. त्याला पंख नाहीत. तो एक दरी ओलांडत असताना खाली दडलेला वीर त्याच्या पोटात तलवार खुपसतो. त्या घळीचं नावच हरणाच्या उडीवरून पडलंय, कारण पारध्यांपुढे पळताना एका हरणानं ती ओलांडली होती. म्हणजे आद्य ड्रॅगन फार तर काही डबे लांब. त्याचा वंशज पर्वताएवढा व्हायला वाढ थोडी नव्हे, शेकडो पट हवी.

याचा अर्थ मुक्ता जिंकली का? माझ्या मते साठ-चाळीसनं. मुद्दा असा की पर्वत मोडला हे सांगणारा पुराणिकाच्या सुरात बोलतोय आणि तीस वाव सांगणारा मोजणीदाराच्या सुरात. दोन्ही सूर एकाच पुस्तकात आहेत.

हा सूर ओळखणं फार महत्त्वाचं. जॉर्ज मार्टिन यांच्या कथांमधला बॅलेरियन घ्या. तो आख्खा रानबैल गिळू शकायचा, केसाळ मॅमथसुद्धा, असं वर्णन १९९६ च्या पहिल्याच पुस्तकात आहे. पण ते येतं एका कवटीकडे बघणाऱ्या माणसाच्या मनात, ड्रॅगन मरून गेल्यावर कितीतरी पिढ्यांनी. कवटी डोळ्यांपुढे आहे तेवढा भाग पुरावा. गिळण्याचा भाग अंदाज.

त्याच बॅलेरियनबद्दल असंही म्हटलंय की तो वरून गेला की गावंच्या गावं सावलीत बुडायची. सावलीवर आमच्या गच्चीत अर्धा तास गेला. ओजसचं म्हणणं, सूर्य खाली असला की सावल्या लांबतात, तेव्हा लहान ड्रॅगनचीही सावली मोठी पडेल. ऐकायला ठीक वाटतं. पण पंख पसरून आडवा उडणारा प्राणी म्हणजे जमिनीला समांतर धरलेला पुठ्ठा. अशा पुठ्ठ्याची जमिनीवरची सावली सकाळी, दुपारी, संध्याकाळी पुठ्ठ्याएवढीच राहते, फक्त जागा सरकते. लांबते ती उभ्या वस्तूची सावली. शंका असेल तर उन्हात वही आडवी धरून बघा. आम्ही भज्यांची ताटली धरून बघितली. तेव्हा ड्रॅगनच्या सावलीत गाव एका वेळी बुडायचं असेल तर ड्रॅगन गावाएवढा हवा. पण वाक्यात "वरून जाताना" असं आहे. सावली गावावरून सरकत गेली तर एकेक घर पाळीपाळीनं बुडतं, आणि घाबरलेल्या माणसाच्या आठवणीत ते सगळं गाव एकदम बुडालेलं असतं. शिवाय गाव म्हणजे किती? मळ्यातली दहा घरं हेही गावच.

चित्रांची साक्ष तर आणखी डळमळीत. टोलकीननं १९३७ च्या आपल्या मुलांसाठीच्या कादंबरीत स्मॉग नावाच्या ड्रॅगनचं चित्र स्वतः काढलं होतं. सोन्याच्या ढिगावर तो पसरलाय आणि समोर नायक, बुटका हॉबिट. त्यावरून लोकांनी स्मॉग मोजला. पण लेखकानंच पुढे पत्रात कबूल केलं की चित्रातला हॉबिट भलताच मोठा काढला गेलाय. मोजपट्टीच चुकीची निघाली! हॉबिट लहान केला की ड्रॅगन आपोआप वाढतो. त्याच कादंबरीच्या मजकुरात मात्र एक नेमकी खूण आहे. डोंगराचं चोरदार पाच फूट उंच आणि तिघे शेजारी शेजारी चालतील एवढं रुंद. आणि त्यातून स्मॉग तरुण असतानाही शिरू शकला नसता असं म्हटलंय. यातून कमाल आकार कळत नाही, किमान कळतो. आमच्या भाषेत सांगायचं तर फर्निचर लिफ्टमधून येणार नाही एवढं नक्की; जिन्यातून येईल का ते माहीत नाही.

सिनेमा आणि मालिकांचं मी लवकर उरकतो. पडद्यावरचा ड्रॅगन प्रत्येक शॉटमध्ये त्या शॉटला हवा तेवढा असतो. नायकाच्या तोंडासमोर तोंड आणायचं तेव्हा लहान, शहरावरून न्यायचं तेव्हा मोठा. फ्रेम थांबवून, माणसाची उंची धरून पट्टीनं मोजणारे चाहते आहेत. त्यांच्या चिकाटीला सलाम, पण त्यांच्या हाती लागतो तो त्या दिवशीच्या कॅमेऱ्याचा निर्णय. याउलट पटावरच्या फँटसी खेळांमध्ये ही कटकटच नाही. तिथे सोंगटी पटावर ठेवायची असल्यामुळे सर्वांत मोठ्या वर्गातला प्राणी निदान वीस फूट बाय वीस फूट जागा अडवणार, असा नियमच लिहिलेला असतो. मला हे फार आवडलं. चौरस फुटात बोलतात.

इथे मुक्ताची आजी, म्हणजे माझी आई, चहा घेऊन वर आली आणि म्हणाली, "सुरसेची गोष्ट माहीत नाही का तुम्हांला?" सुंदरकांडातली. हनुमान लंकेकडे उडत असताना नागांची माता सुरसा वाट अडवते. तोंडातून गेल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणते. हा दहा योजनं मोठा होतो, ती वीस योजनं तोंड उघडते. हा तीस, ती चाळीस. करत करत तिचं तोंड शंभर योजनांचं होतं, आणि तेवढ्यात हा अंगठ्याएवढा होऊन आत जाऊन बाहेरही येतो. "तुमचं दोघांचं तेच चाललंय," आई म्हणाली. खरंच, प्रत्येक वादात असंच होतं. एकानं साठ मीटर म्हटलं की दुसरा सहाशे म्हणतो.

पण एक गोष्ट मला त्यानंतर रात्रभर छळत राहिली. आपल्या आदिपर्वात गरुड एका हत्तीला आणि एका कासवाला पंजांत धरून उडतो. हत्ती सहा योजनं उंच आणि बारा योजनं लांब, असं मोजून दिलंय. योजन साधारण बारा-तेरा किलोमीटर धरलं तर हा हत्ती दीडशे किलोमीटर लांब. ठाण्यात सोंड आणि पुण्यात शेपूट. हे कीर्तनात ऐकताना आजवर कुणी उठून "बुवा, हे कसं?" असं विचारलेलं मी पाहिलेलं नाही. आणि पंचावन्न मीटरच्या गरुडावर मात्र माझी भाची पान पान पुरावे काढते. का?

माझं उत्तर असं की आधुनिक फँटसी पुस्तक उघडल्यावर पहिल्या पानावर नकाशा असतो. खाली मैलांची पट्टी. मागे वंशावळ, सनावळ्या. अमुक शहराहून तमुक किल्ल्यापर्यंत घोड्यानं किती दिवस, हे लेखकानं सांभाळलेलं असतं. स्मॉगनं बौनांचं राज्य उद्ध्वस्त केलं ते तिसऱ्या युगाच्या २७७० मध्ये आणि तो मेला २९४१ मध्ये, हे टोलकीननं लिहून ठेवलंय. जो लेखक एवढा हिशेब देतो त्यानं मोजणीचं आमंत्रणच दिलेलं असतं. ड्रॉइंगवर "स्केल १:१००" लिहिलं की मी पट्टी लावणारच. महाभारतकारांनी पट्टी दिली नाही. त्यांच्या हत्तीचं बारा योजनं हे माप लांबीचं नाही, आश्चर्याचं आहे. ॲन्कॅलगॉनचं भांडण विकोपाला जातं कारण टोलकीनच्या त्या पुस्तकात दोन्ही आहे, नकाशाही आणि पुराणही, आणि हा ड्रॅगन नेमका सीमेवर पडलाय.

आता वजन. मोदकापासून सुरुवात करतो. उकडीचा मोदक घ्या आणि लांबी, रुंदी, उंची सगळं दुप्पट करा. वरच्या पारीचं क्षेत्रफळ चौपट होतं, आत सारण मात्र आठपट मावतं. जाडी तीच ठेवलीत तर पारी फाटणार. आमच्या धंद्यात हेच कॉलमला लागू आहे. इमारत सगळीकडून दुप्पट केली की कॉलमचा छेद चौपट, भार आठपट, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार दुप्पट. गॅलिलिओनं १६३८ मध्ये हाडांबद्दल हेच मांडलं, सोबत चित्र काढून: लांबी तिप्पट केलेलं हाड टिकायचं तर ते बेढब जाड करावं लागतं. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ च्या एका छोट्या लेखात ते पंखांपर्यंत नेलं. देवदूताला गरुडाच्या किंवा कबुतराच्या ताकदीच्या स्नायूंनी उडायचं असेल, तर ते स्नायू मावायला त्याची छाती चारेक फूट पुढे यावी लागेल आणि वजन वाचवायला पाय काटक्यांसारखे, असं त्यांनी लिहिलं. हे हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. चार फुटी छातीचा देवदूत डोळ्यांपुढे आणा आणि मग चित्रांमधले सडपातळ ड्रॅगन बघा. सगळे उपाशी वाटतात.

आपल्या शेजारचं उदाहरण घेऊ. ठाणे खाडीत हिवाळ्यात येतात ते फ्लेमिंगो. मराठीत त्यांना रोहित म्हणतात आणि अग्निपंख असंही म्हणतात. म्हणजे आगीच्या पंखांचे प्राणी खाडीवर दरवर्षी उतरतात आणि आपण ड्रॅगन परदेशी पुस्तकांत शोधतो. ऐरोलीच्या बाजूनं किंवा नेरूळच्या तळ्यांवर त्यांना उडताना नीट बघा. तो थेट वर उठत नाही. पाण्यावर धावतो, पावलं फटाफट मारतो, मग पंख धरतात. मोठा रोहित तीन-चार किलोचा, पंखांचा पसारा दीड मीटर, उडण्याचा वेग ताशी पन्नासेक किलोमीटर.

त्याला फुगवून थोरोंडोरएवढा, पंचावन्न मीटरचा करू. लांबी सदतीसपट. पंखांचं क्षेत्रफळ सदतीस गुणिले सदतीस, म्हणजे तेराशेसत्तर पट. वजन मात्र पन्नास हजार पट, दीडशे टन. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सदतीसपट भार आला, आणि तो हवेत पेलायला लागणारा वेग त्याच्या वर्गमुळाइतका वाढतो: सहापट. ताशी तीनशे किलोमीटर. म्हणजे त्याला खाडीतल्या पाण्यावरून धावून भागणार नाही, नवी मुंबईच्या नव्या विमानतळाची ३,७०० मीटरची धावपट्टी लागेल. आणि मोठे पंख सावकाश हलतात, तेव्हा किलोमागे मिळणारी ताकद वाढायच्या ऐवजी घटते. म्हणून खरे उडणारे पक्षी आकारानं मर्यादित राहिले. सोलापूरकडचा माळढोक पंधरा किलोपर्यंत जातो, आफ्रिकेतला त्याचा भाऊबंद अठरा-एकोणीसपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये आज याच्या फार पुढे कुणी नाही.

मग ओजसचा हुकमी एक्का: "क्वेट्झलकोॲटलस!" हा डायनोसोरांच्या काळातला उडता सरपटणारा प्राणी, टेरोसॉर. १९७१ मध्ये टेक्ससमध्ये सापडला. पंखांचा पसारा दहा-अकरा मीटर, उभा राहिला की जिराफाएवढा, वजन दोनशे-अडीचशे किलो. माळढोकाच्या पंधरापट वजनाचा प्राणी उडाला कसा? आज बऱ्याच अभ्यासकांना पटलेलं उत्तर असं की तो उडी मारताना चारही पाय वापरायचा. पक्षी उडी मारतो नुसत्या पायांनी आणि उडतो हातांनी. म्हणजे एक मोटर चालू असताना दुसरी फुकट ओझं. टेरोसॉर जमिनीवर पंख मिटून हातांच्या बोटांवरही भार टाकत चालायचा आणि त्याच दणकट हातांनी स्वतःला वर फेकायचा.

ड्रॅगनच्या आकाराचा वाद पायांच्या वादाशी इथे येऊन मिळतो. चार पाय आणि वर वेगळे पंख, की दोन पाय आणि पंख हेच हात? बाहेरून बघणाऱ्याला हा वाद फुटकळ वाटतो, मलाही वाटायचा. मार्टिन दोन पायांच्या बाजूचे आहेत. निसर्गात चार पाय आणि वर दोन पंख असा कणा असलेला प्राणी नाही, हे त्यांचं कारण. पण त्याहून व्यवहारी कारण टेरोसॉरनं दिलंय: पंख हेच हात असतील तर उड्डाणाची ताकद एका जागी राहते, आणि मोठ्या आकाराला तेवढीच थोडी सोय. सिनेमातल्या स्मॉगचेही २०१२ च्या पहिल्या भागात पुढचे पाय वेगळे दिसत होते, पुढे ते पंखांत विलीन झाले आणि लांबवलेल्या आवृत्तीत जुना शॉटही दुरुस्त केला गेला. काम सुरू झाल्यावर ड्रॉइंग बदललं. आमच्याकडे रोजचंच आहे.

टेरोसॉरचा साचा घेऊन पंखांचा पसारा साठ मीटरचा केला तर वजन येतं चोपन्न टन. पण बहुतेक चित्रांमधले ड्रॅगन टेरोसॉरसारखे नसतात, पंख लावलेल्या मगरीसारखे असतात. फिलिपिन्समध्ये २०११ मध्ये पकडलेली लोलोंग ही मगर ६.१७ मीटर लांब आणि १,०७५ किलोची होती. तिला साठ मीटरची करा. वजन जवळपास हजार टन! ७४७-४०० हे जंबो जेट जास्तीत जास्त ३९७ टन घेऊन उडतं. म्हणजे आकडा साठचाच, पण तिथे पंखांचा, इथे लांबीचा; माप आणि साचा बदलला की वजन चोपन्नावरून हजारावर. "साठ मीटरचा ड्रॅगन" हे वाक्य किती अपुरं आहे ते इथे कळतं. फ्लॅट कितीचा हे सांगितलंत, मजले किती ते सांगितलंच नाही.

हजार टनी प्राणी खाणार काय? उष्ण रक्ताचा असेल तर नुसतं लोळत पडायलाही दिवसाला दीड-दोन टन मांस लागेल. शंभर-सव्वाशे बोकड. गटारी अमावास्येला ठाण्यातल्या सगळ्या मटणवाल्यांपुढे रांगा लागतात, हा एकटा रोज तशी रांग लावणार. थंड रक्ताचा, मगरीसारखा असेल तर साधारण दहावा हिस्सा पुरेल, आणि मधे महिनोन्महिने उपासही चालेल. स्मॉग १७१ वर्षं सोन्यावर बहुतेक झोपून काढतो, त्याला हेच स्पष्टीकरण बरं. मार्टिनच्या ड्रॅगनांचं सूत्र असं की अन्न आणि मोकळीक असेतो ते वाढतच राहतात; कोंडले ते खुरटले, शेवटच्यांच्या कवट्या कुत्र्याच्या कवटीएवढ्या. हे मला सगळ्यांत समंजस वाटलं. आकाराला कारण दिलंय. कुंडीतला वड आणि रस्त्यावरचा वड.

एवढं सगळं झाल्यावरही दोघं मागे हटेनात, तेव्हा मी खाली जाऊन गाडीतून पन्नास मीटरची टेप काढली. "ॲन्कॅलगॉन राहू दे. ज्याचा आकडा लेखकानं दिलाय तो आखू." सोसायटीच्या ड्राइव्हवेवर, गेटपासून. एक टोक मुक्तानं धरलं. पन्नासची खूण ट्रान्सफॉर्मरच्या पुढे गेली, तिथून आणखी पाच मीटर, 'डी' विंगच्या मीटररूमपर्यंत. खडूनं रेघ मारली. तीस वाव.

ओजस रेघेवर उभा राहून गेटकडे बघत म्हणाला, "बस, एवढाच?"

गेटपाशी उभी असलेली मुक्ता वर बघत होती, सातव्या मजल्याकडे, आणि पंख उभे केले तर कुठपर्यंत जातील ते बोटानं मोजत होती. "मामा," ती तिकडून ओरडली, "हा भयंकर मोठा आहे हो!"

वॉचमन केबिनमधून बाहेर आला. खडूची रेघ, टेप, आम्ही तिघं, असं आळीपाळीनं बघून म्हणाला, "साहेब, ट्रेलर येणार असेल तर आधी सेक्रेटरींना सांगा. वळणार नाही तो इथे."